बारा म्हणजे कुठले बारा?

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा. मराठी म्हणजे माझ्यासाठी दहावीपर्यंतचा शंभर मार्कांचा एक पेपर, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी मराठी विभाग पाहणाऱ्या मॅडमची! दुसरी कबुली अशी की हा लेख खरं तर मेडिकलच्या एखाद्या मुलाने लिहायला हवा होता. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. पण आमच्या ब्रांचमध्ये पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवतात, की जे मोजता येत नाही त्याला कंट्रोल करता येत नाही. प्रेशर मोजा, फ्लो मोजा, टेंपरेचर मोजा. माणसाची शुद्ध कशी मोजायची, हे मात्र कुठल्या सिलॅबसमध्ये नव्हतं. ते मला एका रात्रीत शिकावं लागलं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. कारखान्यांचं गाळप नुकतंच सुरू झालेलं. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत रात्री मोटारसायकल चालवणं म्हणजे काय, हे नगर-मनमाड रोडने येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुढे उसाची डबल ट्रॉली, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्यावर सांडलेला ऊस. आम्ही दोन गाड्यांवर चौघे नगरहून परत येत होतो. राहुरी फॅक्टरीच्या अलीकडे पुढच्या गाडीवरचा माझा रूममेट ट्रॉली चुकवायला गेला आणि पडला. मागे बसलेल्याला नुसतं खरचटलं. याचं डोकं आपटलं. हेल्मेट होतं, हॉस्टेलमध्ये, कपाटावर!

हा रूममेट धुळे जिल्ह्यातला. आम्ही सगळे त्याला 'खान्देश' म्हणतो, इथेही तेच म्हणेन. (त्याची परवानगी घेतली आहे.)

मिनिटभर तो निपचित पडला होता. मग उठून बसला आणि म्हणाला, ''माझा मोबाईल कुठंय?'' आम्हाला हायसं वाटलं. मी १०८ ला फोन लावला तेव्हा पलीकडून पहिलाच प्रश्न आला, पेशंट शुद्धीवर आहे का? मी छातीठोकपणे सांगितलं, ''हो, शुद्धीवर आहे.'' आता विचार केला की कळतं, हे उत्तर म्हणजे 'टाकीत पाणी आहे' असं सांगण्यासारखं होतं. किती आहे? वाढतंय की उतरतंय? ते कोण सांगणार?

१०८ ची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतात, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. गाडीतल्या डॉक्टरांनी खान्देशला हाक मारली. तोवर तो डोळे मिटून पडला होता. हाकेला डोळे उघडले, 'हं' म्हणाला, परत मिटले. डॉक्टरांनी कागदावर एकच अक्षर लिहिलं: व्ही.

ही झाली पहिली पट्टी. तिला अव्हपू म्हणतात, म्हणजे ए, व्ही, पी, यू ही चार अक्षरं. ए म्हणजे अलर्ट, पूर्ण सावध. व्ही म्हणजे व्हॉइस, आवाजाला ओ देतो. पी म्हणजे पेन, फक्त दुखवलं तर हलतो. यू म्हणजे अनरिस्पॉन्सिव्ह, कशालाच नाही. चार पायऱ्या, पाच सेकंद, ना बेरीज ना पाठांतर. धावत्या गाडीत, अंधारात, रडणाऱ्या मित्रांच्या गराड्यात हीच पट्टी चालते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लेव्हल स्विच आहे, ट्रान्समीटर नव्हे. टाकी भरली की दिवा लागतो, बस्स. तिचा दोषही तोच. नुसता गोंधळलेला आणि अर्धवट गुंगीतला, दोघेही 'व्ही'मध्येच मावतात. गोंधळलेला पण टक्क डोळ्यांचा माणूस तर 'ए'मध्येसुद्धा खपून जातो. म्हणून ब्रिटनमध्ये २०१७ साली वॉर्डातल्या पेशंटसाठीच्या तक्त्यात यात आणखी एक 'सी' घातला, कन्फ्यूजन म्हणजे नव्याने सुरू झालेली भ्रमिष्ट अवस्था. चार अक्षरांची पाच झाली.

पहिल्या हॉस्पिटलात (नाव नको) साडेअकराला पोचलो. तिथे पहिला प्रश्न कुठला असेल? ''पिलाय का?'' नव्हता प्यायलेला. पण समजा असता, तरी काय? दारूने शुद्ध कमी होते हे खरं, पण प्यायलेल्याच्या डोक्यात रक्तस्राव होत नाही असं थोडंच आहे! आपल्या हॉस्टेलवरही 'चढलीय, झोपू दे' हे वाक्य किती सहज म्हटलं जातं ते आठवा. साखर उतरलेला डायबेटिसचा पेशंटसुद्धा अगदी असाच बरळतो, म्हणून कॅज्युअल्टीत आधी बोटाला टोचून शुगर बघतात. पट्टी फक्त शुद्ध किती ते सांगते, ती का गेली ते सांगत नाही. थर्मामीटर ताप सांगतो, मलेरिया की टायफॉईड ते सांगत नाही, तसंच हे.

ड्युटीवरचे डॉक्टर दुसऱ्या राज्यातले, हिंदीत बोलणारे. त्यांनी विचारलं, नाम क्या है? खान्देशने सांगितलं. पण बाराच्या सुमारास तो बिघडायला लागला. डोळे हाकेशिवाय उघडेनात. आणि मग जड जिभेने म्हणाला, ''माले आठे काब्र लई उनात?''

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. मला त्या वेळी कळलंच नाही की इथे एक मार्क गेला. खान्देश अहिराणीत विचारत होता, 'मला इथे का आणलंत?' पूर्ण, अर्थाचं वाक्य! तीन वर्षं एका खोलीत राहिल्यामुळे मला कळलं. डॉक्टरांना ते तुटक शब्द वाटले. मी म्हणालो, ''सर, ये अहिराणी है, बराबर बोल रहा है.'' त्यांनी मान हलवली, पण आकडा तोच राहिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: जीसीएस १२. मग 'पुढे घेऊन जा'.

दीड वाजता नगरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात आयसीयूच्या सिस्टरने ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ''बारा म्हणजे कुठले बारा? आणि किती वाजताचे?''

चिठ्ठीवर ना वेळ होती, ना फोड.

आता ही फोड काय ते सांगतो, कारण सगळी गंमत (गंमत कसली!) इथेच आहे. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये ही पट्टी मांडली. त्याआधी डॉक्टर लोक गुंगी, ग्लानी, अर्धवट बेशुद्ध असे शब्द वापरायचे आणि प्रत्येकाच्या मनातली ग्लानी वेगळी. रात्रीच्या डॉक्टरची 'ग्लानी' सकाळच्या डॉक्टरला 'गाढ बेशुद्धी' वाटली तर पेशंट बिघडला की डॉक्टर बदलला, हे कसं कळणार? इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये याला रिप्रोड्युसिबिलिटी म्हणतात, आणि तिच्यावर दर वर्षी पाच मार्कांचा प्रश्न असतो.

टीसडेल-जेनेट यांनी शुद्ध 'वाटते कशी' हे सोडून दिलं आणि 'दिसतं काय' तेवढंच घेतलं. तीन गोष्टी. डोळे, बोलणं, हालचाल.

डोळ्यांना ४ पैकी. आपोआप उघडे असतील तर ४, हाकेला उघडले तर ३, नखावर वगैरे दाब दिल्यावर उघडले तर २, नाहीच तर १.

बोलण्याला ५ पैकी. नाव, ठिकाण, तारीख नीट सांगितली तर ५ (सुट्टीत आपल्यापैकी कितीजणांना पाच मिळतील कोण जाणे). वाक्यं आहेत पण गोंधळ आहे तर ४, सुटे शब्द ३, नुसते आवाज किंवा कण्हणं २, काहीच नाही १.

हालचालीला ६ पैकी, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. सांगितलेलं ऐकतो, 'हात वर कर' म्हटलं की करतो, तर ६. ऐकत नाही, पण मानेजवळ चिमटा घेतला की हात बरोबर तिथपर्यंत नेतो, म्हणजे दुखलेली जागा शोधतो, तर ५. जागा शोधत नाही, नुसता हात आखडून मागे घेतो, ४. हात छातीवर विचित्र, ताठ वळतो, ३. उलट हातपाय ताठ लांब होतात, २. काही नाही, १. मूळ १९७४ च्या पट्टीत इथे पाचच पायऱ्या होत्या. हात आखडण्याचे हे दोन प्रकार वेगळे करून सहावी नंतर आली, म्हणून एकूण १४ चे १५ झाले.

कमीत कमी किती? ३. म्हणजे काहीही न करणाऱ्यालाही तीन मार्क, टर्मवर्कसारखे! १३ ते १५ सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली गंभीर. आठवर किंवा त्याखाली गेला की श्वासाची नळी घालायचा विचार करतात, कारण तेव्हा स्वतःची जीभ आणि थुंकी सांभाळायचीसुद्धा शुद्ध उरत नाही.

आता सिस्टरचा प्रश्न. बारा कुठले? मी तिथेच, आयसीयूबाहेरच्या बाकावर, मोबाईलच्या मागच्या चिठ्ठीवर गणित मांडलं. (झोप येणार नव्हतीच.) चार गुणिले पाच गुणिले सहा, म्हणजे १२० वेगवेगळ्या अवस्था. आणि बेरजा किती? ३ ते १५, म्हणजे फक्त तेरा. एकशे वीस प्रकारची माणसं तेरा खणांत कोंबायची! बारा ही बेरीज दहा तऱ्हांनी होते. डोळे ३, बोलणं ३, हालचाल ६ हेही बारा. आणि डोळे ४, बोलणं ५, पण हालचाल ३ हेही कागदावर बाराच. यातला दुसरा पेशंट प्रत्यक्षात कधी दिसतो की नाही देव जाणे, पण 'बारा' एवढंच लिहिलेली चिठ्ठी दोघांची सारखीच.

हा नुसता कागदी आक्षेप नाही. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त जखमी पेशंटच्या नोंदींचा एक अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात बेरीज ४ असलेल्या पेशंटचे तीन गट पाडले. चारच, पण कसे? हालचालीला २ आणि बाकी दोन्हींना १ असेल तर मृत्यूची शक्यता ४८ टक्के. बोलण्याला २ असेल तर २७ टक्के. डोळ्यांना २ असेल तर १९ टक्के. बेरीज एक, नशिबं तीन. त्याच अभ्यासाचं म्हणणं, एकटी हालचालसुद्धा जवळजवळ सगळं सांगून जाते. पुढे तीन पायऱ्यांची अगदी साधी पट्टीही निघाली: सांगितलेलं ऐकतो, दुखलेली जागा शोधतो, की त्याहूनही कमी.

खरी गोष्ट अशी की टीसडेल आणि जेनेट यांनी सुरुवातीला बेरीज मांडलीच नव्हती, तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या होत्या. बेरीज नंतर आली आणि सोयीची म्हणून सगळीकडे पसरली. आपल्याकडे नाही का, सहा विषयांतलं काय आलं काय नाही हे कोणी विचारत नाही, 'ॲग्रीगेट किती' एवढंच विचारतात!

सिस्टरने खान्देशची नव्याने तपासणी केली आणि मला समजावं म्हणून मोठ्याने बोलून लिहिली. ''दाब दिल्यावर डोळे, दोन. नुसतं कण्हतोय, दोन. हात चिमट्यापर्यंत आणतोय, पाच. नऊ. वेळ एक पस्तीस.'' मग टॉर्च मारला. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी, प्रकाशाला लहान होत नव्हती. ती एकदम उठली.

मला विचारलं, ''तिकडे बोलत होता का? काय बोलत होता?'' मी अहिराणीचं सांगितलं. म्हणाली, ''म्हणजे चार. मग बारा नव्हते, तेरा होते. तासाभरात चार घसरला.'' दोन आकडे घसरले तरी धोक्याची घंटा समजतात. सीटी स्कॅनला त्याला त्या वेळी थांबवलं नाही. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलं होतं. या प्रकारात पेशंट आधी बेशुद्ध पडतो, मग उठून चांगला बोलतो, मोबाईल मागतो, आणि मग हळूहळू बुडतो. मधला तो चांगला काळ सगळ्यात फसवा. पहाटे तीनला ऑपरेशन सुरू झालं.

बाहुलीचीही आता मोजणी होते. टीसडेल यांच्यासह काहीजणांनी २०१८ मध्ये सुचवलं, की ग्लासगोच्या बेरजेतून प्रकाशाला दाद न देणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करा. एक बाहुली थांबली तर एक वजा, दोन्ही तर दोन. खान्देशचे नऊ म्हणजे खरे आठ. इतकं सोपं, की मला ते चुकल्यासारखं वाटलं!

ऑपरेशननंतर तो व्हेंटिलेटरवर. तोंडात नळी. आता सांगा, बोलण्याला किती मार्क द्यायचे? एक दिला तर तो बोलू शकत नाही असं होतं, पण नळी तर आपणच घातली आहे. सेन्सर काढून ठेवायचा आणि रीडिंग शून्य आलं म्हणायचं, असा प्रकार. पूर्वी अशा वेळी कोणी एक लिहायचे, कोणी अंदाजाने काहीतरी. २०१४ मध्ये पट्टीला चाळीस वर्षं झाल्यावर जी सुधारणा केली, तिच्यात स्पष्ट केलं की तपासता आलं नाही तर 'तपासता आलं नाही' असंच लिहा, आकडा देऊ नका. डोळे सुजून मिटले असतील तरी तेच. आमच्या लॅबमध्ये हा नियम आला तर निम्म्या जर्नल्सवर तेच लिहावं लागेल.

तिथे मला तिसरी पट्टी भेटली, फोर स्कोअर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वाइडिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काढलेली. डोळे, हालचाल, मेंदूच्या बुंध्याचे रिफ्लेक्स आणि श्वास अशा चार गोष्टी, प्रत्येकीला ० ते ४, एकूण १६. नावही फोर आणि भागही चार, पाठ करायला बरं. इथे बोलणं नाहीच! त्यामुळे नळीची अडचण नाही, आणि मला वाटतं अहिराणीचीही नाही. शून्य हे खरोखर शून्य आहे, फुकटचे तीन नाहीत. नुसते डोळे उघडे असून चालत नाही, नजर बोटामागे फिरली किंवा सांगितल्यावर पापणी मिटली तरच पूर्ण चार. हाताला चार मिळवायला अंगठा दाखवायचा, किंवा मूठ करायची, किंवा दोन बोटांचा 'व्ही' करायचा. बाहुल्या आणि डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटणं, यावरून मेंदूचा बुंधा कळतो. श्वास स्वतःचा की मशीनचा, हेही मोजतात. ग्लासगोवर ३ असलेले दोन पेशंट इथे वेगळे पडतात, एक अजून स्वतः श्वास घेतोय आणि दुसरा नाही, हे दिसतं.

मग सगळीकडे हीच का वापरत नाहीत? एक तर बुबुळाला कापूस लावायचा, व्हेंटिलेटरचे श्वास मोजायचे, हे रस्त्याच्या कडेला जमत नाही. आणि दुसरं म्हणजे ग्लासगोला पन्नास वर्षांची सवय आहे. सगळ्या जगातले न्यूरोसर्जन फोनवर 'ग्लासगो किती' असंच विचारतात. क्वर्टी कीबोर्डसारखं झालंय. जपानने मात्र सत्तरच्या दशकातच स्वतःची पट्टी काढली आणि ती तिथे आजही चालते. जागा असलेल्याला एक अंकी आकडा, उठवल्यावर जागा होणाऱ्याला दोन अंकी, उठवूनही न उठणाऱ्याला तीन अंकी. आकड्याची लांबी बघूनच गांभीर्य कळतं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला हे डिझाईन फार आवडलं, एवढंच इथे नोंदवतो.

खान्देशचे वडील सकाळी एसटीने आले. काकांनी काचेतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे उघडले होते, पण छताकडे. काका म्हणाले, ''जागा आहे, पण भानावर नाही.'' मी इंग्रजी माध्यमातला, माझ्याकडे 'कॉन्शस' हा एकच शब्द होता. जाग वेगळी आणि भान वेगळं, हे मराठीने आधीच दोन शब्द करून ठेवलंय! तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने सांगितलं, ''अंगठा दाखव.'' नाही दाखवला. ''मूठ कर.'' काही नाही. ''बरं, व्ही कर.'' आणि त्याने दोन बोटं वर केली. क्रिकेटमध्ये करतात तशी, थोडी वाकडी. काका काचेला हात लावून उभे होते. सिस्टरने वही काढून लिहिलं, हालचाल चार.

काकांच्या त्या वाक्यामुळे मी नंतर लायब्ररीत बसून अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल वाचला. नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. तारीख बघा. ग्लासगोची पट्टी छापून यायला तेव्हा अजून काही महिने अवकाश होता. पुढची जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत.

मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना दिलं जाणारं अन्न थांबवावं म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने तीन डॉक्टर नेमले: टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे न्यूरोलॉजिस्ट रूप गुरसहानी आणि सायनचे मानसोपचारतज्ज्ञ नीलेश शाह. त्यांनी जानेवारी २०११ मध्ये तपासणी केली. त्यांचा रिपोर्ट निकालातच आहे. या तिघांना काय ठरवायचं होतं? त्या मेंदूमृत नव्हत्या, श्वास स्वतःचा होता. कोमात नव्हत्या, डोळे उघडे असायचे. म्हणजे ग्लासगोच्या डोळ्यांच्या रकान्यात चारपैकी चार! पण त्या चारमध्ये जाग आहे, भान आहे की नाही हे कुठेच नाही. डॉक्टरांनी लिहिलं, की ऐकण्या-पाहण्याचे प्राथमिक मार्ग शाबूत दिसतात, पण त्या ऐकण्या-पाहण्याची जाणीव असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत मिळाला नाही. कायमच्या 'व्हेजिटेटिव्ह' अवस्थेचे बहुतेक निकष लागू पडतात.

केईएमच्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना चेहऱ्यावरून आवड-नावड कळायची, असं ते सांगत होते. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला. (परोक्ष दयामरणाची वाट याच निकालाने काही अटींवर उघडली, तो विषय वेगळा.)

मला इथे कोण बरोबर ते ठरवायचं नाही, माझी तेवढी लायकी नाही. पण मोजणाऱ्याच्या नजरेने एक दिसतं. काही भेटींत केलेली तपासणी म्हणजे सँपल. नर्सेसचं पाहणं म्हणजे ३७ वर्षांचं लॉगिंग, पण त्यात माया मिसळलेली. दोन्हींत एरर आहे, वेगवेगळ्या प्रकारची. आणि हा प्रश्न जगभर आहे. याच्यासाठी २००४ मध्ये जिआचिनो आणि काल्मर यांनी एक सुधारित पट्टी आणली, सीआरएस-आर. सहा भाग, ० ते २३. ती एकदा लावून सोडत नाहीत, पुन्हा पुन्हा लावतात. तिच्यात नजर फिरते का हे बघायला आरसा वापरतात, कारण बोटापेक्षा, पेनापेक्षा माणूस स्वतःच्या चेहऱ्यामागे जास्त लवकर नजर नेतो! २००९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तिच्यावर अभ्यास केला. डॉक्टरांनी एकमताने 'भान नाही' ठरवलेल्या ४४ पेशंटना ही पट्टी लावली, तर १८ जणांत भानाच्या खुणा सापडल्या. शंभरात एकेचाळीस!

तेव्हा कुठली पट्टी चांगली, असं मला व्हायवात विचारलं तर मी उलट विचारीन, कुठे आणि कोणाच्या हातात? गाडीत अव्हपू. कॅज्युअल्टीत ग्लासगो, फोड आणि वेळ लिहून. नळी असली तर फोर. महिने उलटले आणि प्रश्न भानाचा असेल तर आरसा. आपल्यासारख्याच्या हातात यातली कुठलीच नाही, आणि कृपा करून कोणाला चिमटे काढत बसू नका. मान हलवू नका, पाणी पाजू नका. पण १०८ वर आणि हॉस्पिटलात एवढं सांगता येतं: इतक्या वाजता आपोआप डोळे उघडे होते, इतक्या वाजता हाक मारावी लागली. नेमके काय शब्द बोलला, आणि कुठल्या भाषेत. 'हात दाब' म्हटल्यावर दोन्ही हातांनी दाबला का. मी त्या रात्री घड्याळ एकदाही पाहिलं नव्हतं. वेळा सगळ्या नंतर मोबाईलच्या कॉल लिस्टवरून लावल्या.

खान्देशचं एक सेमिस्टर गेलं. आता तो परत आमच्याच खोलीत आहे, कानाच्या वर घोड्याच्या नालेसारखा व्रण, आणि वास येणं मात्र कायमचं गेलंय बहुतेक. डोक्याच्या माराने तसं होतं म्हणतात. मेसच्या बाबतीत हा फायदाच आहे असं त्याचं मत!

पडल्यापासून ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवसापर्यंतचं त्याला काहीही आठवत नाही. हा लेख लिहिताना मी त्याला विचारलं, ''तू कॅज्युअल्टीत काय म्हणाला होतास, माहीत आहे?'' आणि त्याचं अहिराणी वाक्य त्याला म्हणून दाखवलं, माझ्या कॉन्व्हेंटच्या उच्चारात. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, ''पण मी बरोबरच विचारलं होतं ना?''